आद्य विश्व आणि सलाईनची बाटली

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या कौटुंबिक संमेलनात मुलांपुढे ‘विश्वाचा जन्म’ या विषयावर अर्धा तास बोलण्याची कामगिरी माझ्याकडे आली होती. मी बालरोगतज्ज्ञ, खगोलशास्त्र हा माझा व्यवसाय नव्हे, छंद आहे. भाषण संपल्यावर दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, “काका, सुरुवातीला इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन सगळीकडे सुटे फिरत होते, असे तुम्ही सांगितलेत. मग तेव्हा विश्व न्यूट्रल होते का?” क्षणाचाही विचार न करता मी उत्तर दिले, “नाही. तेव्हा ते प्लाझ्मा होते. तीन लाख ऐंशी हजार वर्षांनी अणू बनले आणि मग विश्व न्यूट्रल झाले.” मुलीचे समाधान झाले, श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही प्रसन्न मनाने घरी आलो.

चार दिवसांनी भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. संमेलनात ते शेवटच्या रांगेत बसले होते. नातवाची तपासणी झाली, औषध लिहून झाले, तेव्हा ते सहज स्वरात म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलाला तुम्ही सलाईन लावता. त्या बाटलीत सोडियम आणि क्लोराइड यांचे सुटे आयनच असतात ना?”

“हो सर.”

“मग ती बाटली हातात धरल्यावर तुम्हाला विजेचा झटका का बसत नाही?”

पुढे ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजही उरली नव्हती. मी त्या मुलीला दिलेले उत्तर अर्धे चूक होते आणि ज्या विषयात मी ती चूक केली, तो विषय गेली तीस वर्षे रोज माझ्या हाताखालून जातो. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

एक शब्द, दोन अर्थ

‘उदासीन’ अर्थात ‘न्यूट्रल’ हा शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिल्या अर्थी एखाद्या पदार्थातील सर्व धनप्रभार आणि सर्व ऋणप्रभार यांची बेरीज शून्य असते. दुसऱ्या अर्थी त्या पदार्थात सुटे प्रभारित कणच नसतात. प्रत्येक धनप्रभार कुठल्या तरी ऋणप्रभाराशी अणूत बांधलेला असतो. पहिला अर्थ बेरजेविषयी आहे, दुसरा बांधणीविषयी. (आम्हा डॉक्टरांच्या मनात आम्ल आणि अल्कली यांच्यामधला आणखी एक ‘न्यूट्रल’ असतो, पण त्याचा येथे संबंध नाही. नॉर्मल सलाईनचा पीएच सुमारे ५.५ असतो, म्हणजे ते किंचित आम्लधर्मी असते, आणि तरीही विद्युतदृष्ट्या ते पूर्ण उदासीन असते.)

एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. म्हणजे १५४ मिलिइक्विव्हॅलंट सोडियम आणि तितकेच क्लोराइड. त्यातील केवळ सोडियमचा धनप्रभार मोजला तर तो जवळजवळ १४,९०० कूलोंब भरतो. आकाशातून कोसळणारी सर्वसाधारण वीज १५ ते २० कूलोंब प्रभार वाहून आणते. म्हणजे खाटेशेजारच्या स्टँडवर टांगलेल्या त्या बाटलीत शेकडो विजांइतका धनप्रभार असतो आणि तरीही परिचारिका ती निर्धास्तपणे बदलते, कारण तितकाच ऋणप्रभार त्याच पाण्यात मिसळलेला असतो. सलाईन पहिल्या अर्थी उदासीन आहे, दुसऱ्या अर्थी नाही. सुटे आयन असल्यामुळेच त्यातून विद्युतप्रवाह वाहू शकतो.

आद्य विश्वाची स्थिती नेमकी अशीच होती. ते सुट्या प्रभारांनी खच्चून भरलेले होते, पण त्यांची बेरीज, आज आपल्याला मोजता येते त्या मर्यादेपर्यंत, शून्य होती. तीन लाख ऐंशी हजार वर्षांनी बदलली ती बांधणी. बेरीज आधीही शून्य होती आणि नंतरही शून्यच राहिली.

समान उंचीचे दोन स्तंभ

रक्तातील क्षारांचा हिशेब आम्हाला ज्यांनी शिकवला, त्यांत बोस्टनचे बालरोगतज्ज्ञ जेम्स गॅम्बल यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांनी शरीरद्रवाचे एक साधे चित्र रूढ केले. शेजारी शेजारी दोन स्तंभ काढायचे. एकात सर्व धनायन, दुसऱ्यात सर्व ऋणायन. माणूस निरोगी असो वा मरणासन्न, दोन्ही स्तंभांची उंची सारखीच असली पाहिजे. आजारात घटकांचे प्रमाण बदलते, उंचीतील समानता बदलत नाही.

या समानतेवर किती विसंबावे, हे मी निवासी डॉक्टर असताना शिकलो. मधुमेहाने बेशुद्धावस्थेत आणलेल्या एका मुलाचा अहवाल माझ्या हाती आला: सोडियम १३२, क्लोराइड ९६, बायकार्बोनेट ८. धन आणि ऋण यांत २८ ची तफावत. नेहमीची तफावत ८ ते १२ च्या आसपास असते. मी अहवाल चुकीचा ठरवून तो परत पाठवायला निघालो. आमच्या वरिष्ठांनी मला थांबवले. “रक्तात प्रभार शिल्लक राहत नाही,” ते म्हणाले, “तुझ्या यादीत काहीतरी राहिले आहे.” राहिली होती ती कीटोआम्ले. स्तंभ समान असणारच, या खात्रीमुळेच न मोजलेल्या पदार्थाचा माग लागला. विश्वशास्त्रज्ञही हाच नियम हाती धरून चालतात. आद्य विश्वात प्रोटॉन किती हे कळले की इलेक्ट्रॉन किती, हे त्यांना वेगळे मोजावे लागत नाही.

रक्तातला प्लाझ्मा आणि आकाशातला प्लाझ्मा

‘प्लाझ्मा’ हा शब्द वैद्यकात आधी होता. सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन असलेल्या वायूला तो अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्युअर यांनी १९२८ साली वापरला. त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे लिहिलेल्या आठवणीनुसार, रक्तद्रव जसा तांबड्या-पांढऱ्या पेशी वाहून नेतो, तसा हा वायू इलेक्ट्रॉन आणि आयन वाहून नेतो, अशी उपमा लँगम्युअर यांना सुचली होती.

हे साम्य केवळ नावापुरते नाही. १९२३ साली पीटर डिबाय आणि एरिख ह्यूकेल यांनी क्षारांच्या द्रावणाचा सिद्धांत मांडला. द्रावणातील प्रत्येक धनायनाभोवती ऋणायनांची किंचित अधिक गर्दी जमते आणि त्यामुळे थोड्याच अंतरावर त्या धनायनाचा प्रभाव झाकला जातो. या अंतराला डिबाय यांचे नाव मिळाले. सलाईनमध्ये ते सुमारे ०.८ नॅनोमीटर, म्हणजे जेमतेम काही अणूंच्या रुंदीइतके असते. त्याहून मोठा कोणताही थेंब घेतला तरी तो उदासीनच भरतो. हेच सूत्र प्लाझ्मालाही लागू पडते. अणू बनण्याच्या आधीच्या विश्वात द्रव्य अतिशय विरळ होते, त्यामुळे तेथे हे अंतर साधारण वीतभर येते. वीतभर अंतरापेक्षा सूक्ष्म पातळीवर पाहिले तर सुटे प्रभार जाणवतील. त्याहून मोठ्या कोणत्याही भागात धन आणि ऋण यांची जवळपास पूर्ण फिटाफिट झालेली दिसेल.

‘जवळपास’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरला आहे. मज्जापेशीच्या आत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट विभव असते, हे आपण जाणतो. एखाद्या मध्यम आकाराच्या पेशीचा हिशेब केला तर तेवढ्यासाठी पेशीतील पन्नास-साठ हजार आयनांमागे एखादाच आयन बेहिशेबी असावा लागतो. आद्य विश्वातही प्रकाशाचा धक्का हलक्या इलेक्ट्रॉनांना जड प्रोटॉनांपेक्षा अधिक बसत असे आणि त्यामुळे स्थानिक पातळीवर अत्यल्प फारकत होत असे. पण ही फारकत एका जागेवरून दुसऱ्या जागेकडे गेलेल्या प्रभाराची होती. एकूण बेरजेत तिने काही भर घातली नाही.

प्रभाराचा जमाखर्च

आता सुरुवातीपासूनचा हिशेब पाहू. महास्फोटानंतर एका सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशापर्यंत द्रव्य क्वार्कांच्या रूपात होते. ‘अप’ क्वार्कचा प्रभार अधिक दोन तृतीयांश आणि ‘डाऊन’ क्वार्कचा उणे एक तृतीयांश असतो. दोन अप आणि एक डाऊन मिळून प्रोटॉन होतो, त्याचा प्रभार अधिक एक. एक अप आणि दोन डाऊन मिळून न्यूट्रॉन होतो, त्याचा प्रभार शून्य.

त्या तापमानात प्रकाशाच्या ऊर्जेतून कण जन्माला येत होते आणि पुन्हा प्रकाशात विलीन होत होते. पण हे जन्ममरण नेहमी जोडीने होते. इलेक्ट्रॉन जन्मला की त्याच्याबरोबर धनप्रभारित पॉझिट्रॉन जन्मणार. एक नष्ट झाला की दुसऱ्याला घेऊन जाणार. न्यूट्रॉनचे विघटन होते तेव्हाही हिशेब जुळतो. एक शून्य प्रभाराचा कण जातो. त्याजागी अधिक एकचा प्रोटॉन, उणे एकचा इलेक्ट्रॉन आणि प्रभारहीन प्रतिन्यूट्रिनो येतात. जमेच्या बाजूला काही पडले की खर्चाच्या बाजूला तेवढेच पडते.

एका सेकंदाच्या सुमारास तापमान एक हजार कोटी अंश होते. पुढच्या काही मिनिटांत पॉझिट्रॉन जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉनांशी भिडून नाहीसे झाले. मागे अब्जावधींत एखादा याप्रमाणे जे इलेक्ट्रॉन उरले, त्यांची संख्या त्या वेळच्या प्रोटॉनांइतकीच होती. विश्व वीस मिनिटांचे होईपर्यंत काही प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकत्र येऊन हेलियमची अणुकेंद्रके बनली होती. वस्तुमानाने तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग हेलियम असे ते मिश्रण होते. गॅम्बल यांचे स्तंभ येथे काढायचे झाले तर धनाच्या स्तंभात हायड्रोजनच्या दर १२ केंद्रकांमागे हेलियमचे एक केंद्रक. १२ आणि २ मिळून १४ धनप्रभार. ऋणाच्या स्तंभात १४ इलेक्ट्रॉन. दोन्हींची उंची समान.

तीन लाख ऐंशी हजार वर्षांनी काय घडले?

या काळात सुटे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सतत अडवत होते. दाट धुक्यात मोटारीचा दिवा जसा पुढे पोहोचत नाही, तसा प्रकाश सरळ रेषेत फार दूर जाऊ शकत नव्हता. विश्व प्रसरण पावत होते, थंड होत होते. तापमान सुमारे ३००० अंश केल्विनपर्यंत उतरले तेव्हा बहुतेक इलेक्ट्रॉन प्रोटॉनांनी धरून ठेवले, हायड्रोजनचे अणू बनले आणि धुके विरले.

कोणत्या तापमानाला किती अणू विदलित अवस्थेत असतील, हे सांगणारे समीकरण आपल्या मेघनाद साहा यांनी १९२० साली मांडले. ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा त्यामुळे झाला आणि आद्य विश्वाचा पहिला अंदाजही त्याच समीकरणाने करतात. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन उपटण्याची ऊर्जा तापमानात मांडली तर ती दीड लाख अंशांहून अधिक भरते. मग अणू बनायला तापमान ३००० पर्यंत उतरण्याची वाट का पाहावी लागली? कारण तेव्हा प्रत्येक प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे दीड अब्जाहून अधिक प्रकाशकण होते. त्यांतले अगदी थोडे प्रखर कणही बनलेला अणू पुन्हा फोडायला पुरेसे पडत.

शास्त्रज्ञ या घटनेला ‘पुनःसंयोग’ म्हणतात. नाव थोडे फसवे आहे; इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन त्याआधी कधी दीर्घकाळ एकत्र नव्हतेच. शिवाय संयोग पूर्णही झाला नाही. दर दहा हजारांत साधारण दोन इलेक्ट्रॉन सुटेच राहिले. पुढे पहिले तारे पेटले, त्यांच्या अतिनील किरणांनी काही कोटी ते शंभर कोटी वर्षांच्या कालखंडात दीर्घिकांमधला वायू पुन्हा आयनरूप केला आणि तो आजही तसाच आहे. म्हणजे दुसऱ्या अर्थाने पाहिले तर विश्व एकदा उदासीन झाले आणि पुन्हा ते राहिले नाही. पहिल्या अर्थाने मात्र या सर्व घडामोडींत एका इलेक्ट्रॉनाचाही फरक पडला नाही. संमेलनात मी या दोन विधानांची गल्लत केली होती.

बेरीज शून्य होती कशावरून?

येथे चौकस वाचक विचारील की, तेव्हा मोजायला कोण होते? पहिला आधार प्रभाराच्या अक्षय्यतेचा. प्रभार निर्माण वा नष्ट होतो असा एकही प्रयोग आजवर नोंदला गेलेला नाही. इटलीतील ग्रान सासो येथील बोरेक्सिनो प्रयोगाने २०१५ साली दाखवले की, इलेक्ट्रॉन आपला प्रभार टाकून प्रकाशकण आणि न्यूट्रिनो यांत विरून जात असलाच, तरी त्याचे सरासरी आयुष्य एकावर २८ शून्ये इतक्या वर्षांहूनही अधिक आहे. विश्वाचे वय आहे १३८० कोटी वर्षे. तेव्हा आजची बेरीज शून्य असेल तर आरंभीचीही शून्यच असली पाहिजे.

मग आजची बेरीज शून्य आहे हे कशावरून? विद्युतबलाच्या प्रचंडपणावरून. हा प्रचंडपणा कळावा म्हणून माझ्या परिचयाचे उदाहरण घेतो. तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या शरीरात सुमारे एकावर २७ शून्ये इतके प्रोटॉन असतात आणि तेवढेच इलेक्ट्रॉन. समजा, दर एक अब्ज इलेक्ट्रॉनांमागे केवळ एक कमी पडला. तेवढ्याने बाळावर ०.१६ कूलोंब धनप्रभार राहील. अशी दोन बाळे एकमेकांपासून एक मीटर अंतरावरच्या पाळण्यांत ठेवली, तर त्यांच्यातील अपकर्षण सुमारे तेवीस हजार टन वजनाइतके होईल. नवजात विभागात असले काही आपल्याला दिसत नाही.

गुरुत्वाकर्षण त्यामानाने अतिशय दुबळे आहे. दोन प्रोटॉनांमधील विद्युत अपकर्षण त्यांच्यातील गुरुत्वाकर्षणाच्या एकावर ३६ शून्ये इतके पट असते. यावरून हिशेब केला, तर एकावर १८ शून्ये इतक्या प्रोटॉनांमागे एका इलेक्ट्रॉनाची तूट सर्वत्र सारखी असती तरी अपकर्षणाने गुरुत्वाकर्षणाची बरोबरी केली असती. मग वायूचे मेघ आकसून तारे झाले नसते आणि पृथ्वीही झाली नसती.

एक फसलेली, पण मोलाची कल्पना

याच आकड्याने १९५९ साली हर्मन बाँडी आणि रेमंड लिटलटन या दोन शास्त्रज्ञांना मोहात पाडले. बाँडी हे फ्रेड हॉइल आणि टॉमस गोल्ड यांच्याबरोबर स्थिर-स्थिती विश्वाच्या सिद्धांताचे जनक. दिवंगत जयंत नारळीकर हे याच हॉइल यांचे शिष्य, त्यामुळे मराठी वाचकाला हा सिद्धांत अपरिचित नाही. बाँडी आणि लिटलटन यांनी सुचवले की, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे प्रभार तंतोतंत समान नसतील. त्यांत एकावर १८ शून्ये या प्रमाणात दोन भागांचा फरक असेल. तसे असेल तर विश्व किंचित प्रभारित ठरते आणि दीर्घिका एकमेकींपासून दूर का जातात, याचे कारण विद्युत अपकर्षणात सापडते.

कल्पना धाडसी होती, आणि मुख्य म्हणजे ती प्रयोगशाळेत तपासता येण्याजोगी होती. प्रत्येक अणूवर जर इतकासा प्रभार शिल्लक असेल, तर टाकीतला वायू बाहेर सोडताना टाकीचा प्रभार बदलला पाहिजे. त्याच वर्षी हिलास आणि क्रॅन्शॉ यांनी वायू सोडून पाहिला. अपेक्षित प्रभार आढळला नाही. १९७३ साली डिला आणि किंग यांनी निराळी युक्ती केली. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूवर विद्युतक्षेत्र लावायचे. रेणू प्रभारित असतील तर वायू डोलेल आणि ध्वनी उमटेल. वायू नि:शब्द राहिला. २०११ साली इटलीतील एका गटाने याच धर्तीचा प्रयोग पुन्हा केला. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्या प्रभारांत फरक असलाच तर तो एकावर २१ शून्ये इतक्या भागांत एक भाग या पातळीच्या आतच आहे, असे या प्रयोगांतून ठरले. बाँडी-लिटलटन यांच्या कल्पनेला लागणारा फरक याच्या सुमारे दोन हजार पट होता. कल्पना निकालात निघाली. पण उदासीनता गृहीत न धरता ती मोजली पाहिजे, हा धडा तिने दिला.

दुसरी मोजणी खुद्द आद्य विश्वातूनच आली. धुके विरले तेव्हा सुटलेला प्रकाश आजही सर्व दिशांनी आपल्याकडे येतो. पेंझियास आणि विल्सन यांनी १९६५ साली त्याचा शोध जाहीर केला. विश्वाच्या प्रसरणामुळे त्याचे तापमान आता २.७ अंश केल्विनवर आले आहे आणि ते सर्व दिशांना जवळजवळ सारखे आहे. ‘कोबे’ उपग्रहाने १९९२ साली नोंदलेले चढउतार एक लाखात एक या प्रमाणातले आहेत. विश्वात शिल्लक प्रभार असता तर त्यातून विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे उपजली असती आणि या प्रारणात दिशेनुसार अधिक मोठे फरक उमटले असते. याच युक्तिवादावरून कॅप्रिनी आणि फेरेरा यांनी २००५ साली मर्यादा काढली: शिल्लक प्रभार सर्वत्र एकसारखा पसरलेला मानला, तर तो प्रत्येक प्रोटॉन वा न्यूट्रॉनमागे इलेक्ट्रॉनाच्या प्रभाराला एकावर २६ शून्ये या संख्येने भागून येणाऱ्या भागापेक्षाही कमी असला पाहिजे. आमच्या प्रयोगशाळेतील यंत्र सोडियमचा आकडा शंभरात एकाच्या अचूकतेने देते, तेव्हा आम्ही त्याला उत्तम म्हणतो.

शून्यच का?

‘किती’चे उत्तर मिळाले, तरी ‘का’ शिल्लक राहते. त्याची दोन अर्धवट उत्तरे आज हाती आहेत. पहिले भूमितीचे. विश्व जर आकाराने मर्यादित आणि तरीही काठ नसलेले असेल, जसा पृथ्वीचा पृष्ठभाग असतो, तर त्यात बेरीज शून्य असणे अपरिहार्य आहे. धनप्रभारापासून निघालेल्या बलरेषांना अनंतात निघून जायला तेथे वाटच नसते. त्या फिरून कुठल्या तरी ऋणप्रभारावरच संपाव्या लागतात. पण आपले विश्व तसे मर्यादित आहे की नाही, हे निरीक्षणांनी अद्याप ठरलेले नाही.

दुसरे उत्तर मूलकणांच्या कुटुंबरचनेतून येते. अप आणि डाऊन क्वार्क प्रत्येकी तीन प्रकारांत असतात. तीन अप मिळून अधिक दोन, तीन डाऊन मिळून उणे एक, इलेक्ट्रॉन उणे एक, न्यूट्रिनो शून्य. कुटुंबाची बेरीज शून्य. ही बेरीज शून्य नसती तर मूलकणांचा आजचा सिद्धांत गणितात सुसंगतच राहिला नसता. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन दिसायला इतके भिन्न असूनही त्यांच्या प्रभारांची मापे जुळतात, ती या नात्यामुळे. मात्र हे नाते का आहे, याचे सर्वमान्य उत्तर अजून मिळालेले नाही.

या जमाखर्चात एक विलक्षण गोष्ट आहे. प्रभाराची वही शून्यावर मिटते, पण द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांची वही मिटत नाही. ती मिटली असती तर प्रत्येक कण आपल्या प्रतिकणाशी भिडून नाहीसा झाला असता आणि विश्वात जवळजवळ केवळ प्रकाश उरला असता. तसे झाले नाही; अंदाजे एक अब्ज प्रतिकणांमागे एक अब्ज एक कण होते आणि त्या वरच्या एकातून तारे, ग्रह आणि आपण घडलो. हे आधिक्य निर्माण होण्यास कोणत्या अटी लागतात, ते आंद्रेई साखारोव्ह यांनी १९६७ साली सांगितले; ते प्रत्यक्षात कसे घडले, याचा शोध चालू आहे. पण हे आधिक्य घडतानाही प्रभाराचा नियम मोडला गेला नाही. जितके प्रोटॉन उरले, तितकेच इलेक्ट्रॉन उरले. एका वहीत अब्जात एकाची चूक झाली म्हणून आपण आहोत. दुसऱ्या वहीत एकावर १८ शून्ये इतक्यांत एकाचीही चूक झाली असती तर आपण नसतो.

गेल्या महिन्यात ती मुलगी धाकट्या भावाच्या लसीकरणासाठी आईबरोबर दवाखान्यात आली होती. मी तिला थांबवून घेतले, टेबलावर सलाईनची बाटली ठेवली आणि सांगितले की संमेलनात मी दिलेले उत्तर चुकीचे होते. विश्व आरंभीही न्यूट्रल होते, या बाटलीसारखे. पुढे त्यातले कण जोडीने बांधले गेले, एवढेच. तिने बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली, थोडा वेळ पाहिली आणि विचारले, “पण काका, बाटलीत मीठ कोणीतरी मोजून टाकले. तिकडे कोणी मोजले?”

भूमितीचे आणि कुटुंबाचे, अशी दोन्ही अर्धी उत्तरे मी तिला सांगितली, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी भौतिकशास्त्राच्या त्या प्राध्यापकांच्या घरचा पत्ता दिला.